पेन्सिलबाईंचा डूख

माणसं राग धरतात आणि चार दिवसांनी सोडून देतात. पेन्सिलबाईंनी धरला तो डूख होता. तो त्यांनी घासूनपुसून, धार लावून, वर्षानुवर्षं वापरात ठेवला. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून त्या बसत. समोर उतरती फळी, फळीला पाडलेल्या चौकोनात काचेची निगेटिव्ह, खालच्या आरशातून काचेवर येणारा उजेड, डोक्यावरून मेजापर्यंत ओढलेलं काळं फडकं आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. बाहेरून दिसायची ती नुसती पाठ. गावातल्या बहुतेकांनी त्यांची पाठच तेवढी पाहिली होती. बाईंनी मात्र गावातल्या प्रत्येक तोंडावरचा मुरूम न् मुरूम पाहिलेला होता.

काम साधं होतं. काचेवर जे काळं, ते कागदावर पांढरं उमटतं. म्हणून काचेवरच्या सुरकुतीवर, खड्ड्यावर, तिळावर हलक्या हाताने पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोत तो डाग नाहीसा होतो. उलट, पात्याने काच अलगद खरवडली की तिथे फोटोत काळं येतं. टकलावर केस उगवतात आणि पिकलेली मिशी पुन्हा तरणी होते. स्टुडिओच्या मालकाचं नाव बाहेरच्या पाटीवर होतं आणि गावाचं रूप मागच्या खोलीत होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि रूप त्या काळी फार उपयोगाचं होतं, कारण लग्नं आधी फोटोवर ठरत. मुलीचा फोटो काढायचा, तो पाकिटात घालून या घरून त्या घरी फिरवायचा, आणि पसंत पडला तर मंडळी मूळ प्रत पाहायला येणार. फोटोत मुलीने हसायचं नाही, कारण दात दाखवणारी उथळ. फार गंभीरही व्हायचं नाही, कारण मग ती आजारी. एक कोपर प्लास्टरच्या खांबावर टेकवायचं, म्हणजे घरंदाजपणा दिसतो. दुसऱ्या हातात पुस्तक धरायचं, म्हणजे मुलगी शिकलेली. पण पुस्तक मिटलेलं हवं, म्हणजे बेताचीच शिकलेली. खांब स्टुडिओचा, पुस्तक स्टुडिओचं, मागे रंगवलेलं तळं आणि त्यातला हंसही स्टुडिओचाच. कित्येक संसार त्या एका हंसावर उभे राहिले.

पेन्सिलबाई तेव्हा पेन्सिलबाई नव्हत्या. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची ती एकुलती मुलगी होती. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, त्यांचे वण दोन्ही गालांवर होते, आणि हनुवटीवर चांगला ठसठशीत तीळ होता. घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे. घड्याळजी तर म्हणायचे, पोर हरवली तर शोधायला सोपी. त्यांनी तिचा रीतसर फोटो काढवला, खांब-पुस्तक-हंस सगळं घालून, आणि तो पाठवला तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानदाराच्या घरी.

त्या दुकानदाराचा एकुलता एक मुलगा म्हणजे गावातला फॅशनचा शेवटचा शब्द. गाव त्याला कडक कॉलर म्हणायचं. त्याची कॉलर खळ घालून इतकी ताठ केलेली असे की मान म्हणून वळवायची सोयच नव्हती. डावीकडे बघायचं तर सगळा माणूस डावीकडे वळे. रस्त्यात कुणी मागून हाक मारली तर तो पलटण फिरावी तसा टप्प्याटप्प्याने फिरायचा. लोकांना यात रुबाब दिसायचा. लोकांना कशात काय दिसेल याचा नेम नसतो.

फोटो त्याला पसंत पडला. नुसता पसंत नाही, त्याने तो दोन दिवस कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, असं मध्यस्थाने कौतुकाने सांगितलं. मग तो आला, आई आणि मामा यांना घेऊन. मुलगी खाली मान घालून समोर बसली, कारण मुलीने वर बघायचं नाही हा त्या वेळचा शिष्टाचार होता. त्यामुळे पुढे काय झालं ते तिने आधी ऐकलं. खुर्ची करकरली. सबंध माणूस तिच्याकडे वळला. मग तिच्या गालाशी काहीतरी आलं आणि तिने डोळे उचलले, तर तिचाच फोटो. त्याने तो तिच्या तोंडाशेजारी धरला होता. दुकानात दोरा न्यायला आलेलं गिऱ्हाईक कापडाचा तुकडा रिळाला लावून बघतं, तसा.

"फोटो खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "मुलगी बदललीय."

आईने लगेच पदर सावरला आणि उठली. मामांनी आधी कपातला चहा संपवला आणि मग संताप केला. घड्याळजींनी शपथा घेतल्या, गयावया केल्या, दुसरी मुलगी घरात आहेच कुठे म्हणून आतल्या खोलीचं दार उघडून दाखवलं. मामांनी आत डोकावून पाहिलंसुद्धा. हे आपल्या बापाला करावं लागलं, घराचं आतलं दार उघडून दाखवावं लागलं, ते मुलीने डोळ्यांनी पाहिलं. मंडळी गेली ती फोटो घेऊन गेली. पुरावा म्हणून.

घड्याळजींचा धंदा विश्वासावर चालणारा होता. माणूस आपलं घड्याळ उघडून दुसऱ्याच्या हाती देतो, तेव्हा आतला भाग बदलला जाणार नाही एवढंच त्याला हवं असतं. जो मुलगी बदलतो तो चक्र का बदलणार नाही, असं कुणीतरी बोललं आणि ते गावाला पटलं. लोक समोर उभं राहून घड्याळ दुरुस्त करून घ्यायला लागले, मग दुसरीकडे द्यायला लागले. काही काळाने घड्याळजींनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि ते दुसऱ्याच्या दुकानात पगारावर बसले. तिथे त्यांना मालकाकडे पाठ करून बसायचीही परवानगी नव्हती. मुलीच्या मनात जो काटा बसला तो स्वतःच्या नकाराचा नव्हता. नकार बऱ्याच जणींना मिळतो. काटा बापाच्या त्या उघड्या दाराचा होता.

मंडळी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती तरातरा स्टुडिओत गेली होती. मागच्या खोलीत तेव्हा एक म्हातारबाबा काच रंगवायला बसत. तिने जाब विचारला. म्हातारबाबांना आधी कळेचना की ही भांडते कशाला. त्यांनी तिची काच काढून उजेडाला धरली आणि अभिमानाने दाखवली. गालावरचा एकेक खड्डा पेन्सिलीने भरलेला, तीळ साफ नाहीसा, कपाळ कोऱ्या कागदासारखं.

"पोरी, तुझ्या बापाने सांगितलं नव्हतं हं. मी आपणहून केलं. तुझं भलं व्हावं म्हणून."

ती आली होती ती त्यांच्या फळीवर दगड घालायच्या इराद्याने. पण त्या काचेतली मुलगी बघताना तिच्या डोक्यात एक वेगळीच गोष्ट आली. एवढीशी पेन्सिल एका बापाला घराचं आतलं दार उघडून दाखवायला लावू शकते, मग ती आणखी कुणाकुणाचं काय काय करू शकेल? तिने विचारलं, हे मला शिकवाल का? म्हातारबाबांची नजर अधू झालीच होती. त्यांनी तिला शेजारी स्टूल दिलं आणि काही वर्षांनी आपली खुर्चीही दिली. तिला नंतरही स्थळं आली, पण फोटो मागितला की ती पेन्सिल न लावलेला पाठवायची. स्थळं यायची थांबली. तिची काही तक्रार नव्हती. तिला दुसरं काम होतं, आणि आता तिला लोक पेन्सिलबाई म्हणू लागले होते.

कडक कॉलरचं लग्न झालंच. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तो बायकोला घेऊन स्टुडिओत येई. मागच्या खोलीतून पाठ दिसणाऱ्या बाई कोण, याची त्याने कधी चौकशी केली नाही. तसा तो एकदा पैशांच्या खिडकीपाशी बाईंच्या समोरासमोर आला होता, आणि "जरा बाजूला व्हा" म्हणाला होता. त्याने त्यांना ओळखलं नाही. ओळखणार कसा? त्या दिवशी त्याने बघितला होता तो फोटो, मुलगी बघितलीच नव्हती.

बाईंनी कामाला सुरुवात केली. पहिल्या वर्षी त्याच्या डाव्या कानाची कड पेन्सिलीने जराशी बाहेर ओढली, तांदळाच्या दाण्याएवढी. दुसऱ्या वर्षी आणखी एक दाणा. तिसऱ्या वर्षी उजवा खांदा थोडा उतरवला. कुणाला बोट ठेवता येऊ नये, पण बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहावं, इतकंच. घरी आरसा होता, नाही असं नाही. पण कडक कॉलर आरशावर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हता. आरसा कुणालाही काहीही दाखवतो, फोटो मात्र छापून येतो, हे त्याचं ठाम मत होतं.

त्याने केस वाढवून कानांवर आणले. टोपी डावीकडे कलती घालायला लागला. मग उजव्या खांद्याखाली कापसाची गादी शिवून घेतली. बाई वाट बघत होत्या की आता गाव हसेल. एका खांद्याने डोंगर आणि दुसऱ्याने दरी असा माणूस भर रस्त्याने चाललाय, हसायला आणखी काय हवं? पण गाव हसलं नाही. गावाने शिंप्याकडे धाव घेतली. पुढच्या लग्नसराईत सगळे नवरदेव उजव्या खांद्यात कापूस भरून उभे होते. कान दिसणं हे गावंढळपणाचं लक्षण झालं. दुकानात तयार गाद्या विकायला आल्या आणि कडक कॉलरचा गल्ला दुप्पट झाला. एका सकाळी खुद्द स्टुडिओचे मालक कानांवर केस ओढून आले आणि एका बाजूने उंच होऊन विचारते झाले की कसा दिसतो. बाई फडक्याखाली गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. ज्याचं हसं करायचं, त्यालाच त्यांनी पुढारी केलं होतं. तो संताप त्यांना जेवू देईना.

दिवस बदलत होते, ते बाईंना काचेवर आधी कळायचं. आधी नवरा खुर्चीत बसे आणि बायको मागे उभी राही, हात खुर्चीच्या पाठीवर. खांद्यावर ठेवला तर लोक काय म्हणतील? मग हात हळूच खांद्यावर आला आणि मालकांनी त्या दिवशी दार लावून फोटो काढला. मग बायको बसायला लागली आणि नवरा उभा. मग दोघं बसले. मग दात दिसले. हसणारी पहिली जोडी काचेवर आली तेव्हा म्हातारबाबा जिवंत होते. त्यांना वाटलं काच हलली.

कडक कॉलर कपड्यांत सगळ्यांच्या पुढे, पण एका बाबतीत मात्र हटून मागे. बायकोला तो दर वर्षी तसंच उभं करायचा. कोपर प्लास्टरच्या खांबावर, हातात मिटलेलं पुस्तक, मान अशी, नाही, जरा इकडे, नाही, तशी नाही. त्या खांबाचे टवके उडाले होते, तो माळ्यावर टाकला होता, तरी त्याच्यासाठी तो खाली काढावा लागे. मालक वैतागून म्हणायचे, याला काय हवंय तेच कळत नाही. फोटो झाला की तो बायकोकडे एकदा बघायचा आणि सुस्कारा टाकायचा.

एके वर्षी त्याची बायको मागच्या खोलीच्या दाराशी आली. नवरा बाहेर मालकांशी नव्या कॅमेऱ्याबद्दल बोलत होता. ती हळू आवाजाने बोलणारी, नजर जमिनीवर ठेवणारी बाई होती.

"बाई, माझा चेहरा जरा तिच्यासारखा करता येईल का?"

"कुणासारखा?"

"ते सांगत नाहीत," ती म्हणाली. "पण कुणीतरी आहे. मी तिच्यासारखी दिसत नाही, एवढं मला कळतं."

बाईंना याचा उलगडा झाला नाही. ठेवली असेल कुणी, त्यांना वाटलं, आणि त्याच्या खात्यावर त्यांनी आणखी एक गुन्हा मांडला. त्या वर्षी त्यांनी त्या बाईच्या काचेला पेन्सिल लावली नाही. होती तशीच छापली, आणि ती फार चांगली दिसत होती. काही वर्षांनी तापाचं निमित्त होऊन ती गेली. घरात भिंतीवर लावायला म्हणून कडक कॉलरने फोटो मोठा करून नेला तेव्हाही त्याने मालकांना विचारलं की मान जरा त्या बाजूला वळवता येईल का.

लोकलाजेपुरता काळ गेला आणि त्याच्या मनाने पुन्हा लग्नाचं घेतलं. आता तो पन्नाशीच्या घरात आला होता. केस कानांवर होते पण डोक्यावर नव्हते, आणि कॉलरवर हनुवटीची दुसरी घडी उतरून बसली होती. मध्ये जमाना इतका पालटला होता की बायका केस कापून कामावर जात होत्या. मध्यस्थाने जे स्थळ सुचवलं ती टायपिंगचा क्लास चालवणारी एक विधवा बाई होती, चाळिशीची, स्वतःच्या पायावर उभी. तिची पहिली अट ऐकून मामांच्या हातातला कप थांबला. मामा आता बरेच म्हातारे झाले होते पण चहाच्या बाबतीत तसेच होते. टायपिंगबाईने आधी पुरुषाचा फोटो मागितला होता. दुसरी अट अशी की ती कुणाच्या घरी जाणार नाही आणि कुणाला घरी बोलावणार नाही. फोटोच्या स्टुडिओत बाहेरची खोली असते, तिथे भेटू.

कडक कॉलर फोटोला बसला. त्याची काच बाईंच्या फळीवर आली.

बाईंनी पात्याला धार लावली. सवयीने हात कानाकडे गेला होता, पण त्या थांबल्या. एवढी वर्षं आपण चुकीच्या बाजूने काम केलं, हे त्यांना त्या क्षणी उमगलं. कुरूप करून या माणसाचं काही बिघडत नाही. कुरूपालाही तो फॅशन करून टाकतो. त्याला हवा होता म्हातारबाबांचा इलाज. भलं करायला हवं होतं त्याचं.

मग त्यांनी त्याचं असं भलं केलं की हात दुखून आला. डोळ्यांखालच्या पिशव्या भरल्या. गालांच्या घड्या भरल्या. दुसरी हनुवटी कॉलरच्या पांढऱ्यात मिसळून टाकली. टक्कल केसागणिक खरवडलं आणि त्यावर दाट, मागे वळवलेले केस उगवले. कान होता तेवढा केला, खांदा होता तिथे आणला. फोटो छापून आला तेव्हा मालकांनी विचारलं की हा कोण देखणा माणूस. कडक कॉलरने मात्र काही विचारलं नाही. त्याने फोटो हातात घेतला, मान डोलावता येत नव्हती म्हणून सगळा डोलला, आणि म्हणाला की यंदा बरा आलाय.

ठरल्या दिवशी टायपिंगबाई आली, एकटी, चष्मा लावून, हातात पिशवी. कडक कॉलर मामांना घेऊन आला. बाहेरच्या खोलीत चहा आला. मागच्या खोलीचा पडदा बाईंनी बोटभर सरकवून ठेवला होता आणि त्यांचं काळीज असं वाजत होतं की आत काचा हलतील असं त्यांना वाटलं. आज नाही झालं तर कधीच होणार नव्हतं.

टायपिंगबाईने खाली मान वगैरे घातली नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं, मग पिशवीतून फोटो काढला. चष्मा पुसला. उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि फोटो त्याच्या गालाशेजारी धरला.

"हे कोण?" तिने विचारलं.

तो म्हणाला, मीच. ती म्हणाली, फोटोत तुमचा मुलगा असेल तर तो मला लहान आहे आणि धाकटा भाऊ असेल तर त्यांनी स्वतः यायला हवं होतं. त्याने हसण्याचा प्रयत्न केला. मग तो लाल झाला. मग मामांकडे बघितलं, म्हणजे सगळा मामांकडे वळला, आणि मामा कपात बघत राहिले. शेवटी त्याने मागच्या खोलीकडे हात केला. त्या बाई इथेच काम करतात, म्हणाला, त्यांच्या हातून गेलाय फोटो, त्यांनाच विचारा.

पेन्सिलबाई पडदा सारून बाहेर आल्या. गालांवरचे वण, हनुवटीवरचा तीळ, केस पांढरे होत आलेले. त्यांनी फोटो हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि फोटो परत टायपिंगबाईला दिला.

"फोटो खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "माणूस बदललाय."

हे वाक्य आपण कुठे ऐकलंय, हे मामांना आधी आठवलं. त्यांचा कप बशीत वाजला आणि उरलेला चहा त्यांनी जन्मात पहिल्यांदा तसाच ठेवला. टायपिंगबाईने पिशवीची चेन ओढली. फोटो मी ठेवून घेते, म्हणाली, पुरावा म्हणून. आणि गेली. तिच्या क्लासमध्ये गावातल्या निम्म्या घरांतल्या मुली येत होत्या. फोटो यंत्रामागून यंत्रामागे फिरला आणि दिवेलागणीच्या आत सगळ्या घरांत कळलं. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे रांग लागली होती आणि शिंप्याकडे खांदे उसवायला कोट येऊन पडले होते. गावाला हसायचंच होतं, त्याला फक्त कुणीतरी सुरुवात करून द्यायला हवी होती.

पण त्या खोलीतलं अजून संपलं नव्हतं. मामा भिंत धरत बाहेर गेले तरी कडक कॉलर खुर्चीतच बसून होता. तो बाईंच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याला हळूहळू आठवत होतं.

"तुम्ही घड्याळजींच्या घरातल्या," तो म्हणाला. "मुलगी बदलून बसवली होती ती."

त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक फोटो काढला. कडा झिजलेल्या, मधे घडी, रंग उडून पिवळा पडलेला. कोपर खांबावर, हातात मिटलेलं पुस्तक, मागे हंस. गाल कोऱ्या कागदासारखे.

"झालं गेलं सोडून द्या," तो म्हणाला. "मी काही म्हणणार नाही. ही कुठे असते एवढंच सांगा. हिला तुम्ही लपवली होती, तुम्हाला माहीत असणार. मी सगळीकडे बघितलं. हिच्यासारखी एक दिसली नाही."

पेन्सिलबाईंना त्याची कीव यायला हवी होती, असं कुणी म्हणेल. आली नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ती हळू आवाजाची बाई आली, दर वर्षी टवके उडालेल्या खांबावर कोपर ठेवून उभी राहणारी, कुणासारखी दिसायचं ते न कळताच मेलेली. आणि बापाने उघडून दाखवलेलं ते दार. आत कुणी नाही हे डोळ्यांनी बघूनसुद्धा या माणसाने एवढी वर्षं त्या दाराआड एक मुलगी ठेवली होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज चढला नाही.

त्यांनी आत जाऊन मांडणीवरून एक जुनी काच आणली आणि खिडकीतल्या उजेडाला धरली. काचेवर सगळं उलटं असतं, काळ्या जागी पांढरं, तरी ती मुलगी त्याने ताबडतोब ओळखली. तो खुर्चीतून अर्धा उठला.

"हीच. हीच ती."

"ही म्हातारबाबांनी काढलेली आहे," बाई म्हणाल्या. "पेन्सिलीने. अशी मुलगी नव्हती."

तो म्हणाला की हे शक्य नाही. त्यांनी वाद घातला नाही. टर्पेंटाइनची बाटली उघडली, कापसाचा बोळा भिजवला आणि त्याच्या डोळ्यांदेखत काचेवरच्या गालावर ठेवला. तो म्हणाला, थांबा. मग पुन्हा म्हणाला, थांबा, तिला काही करू नका, आणि त्याचा आवाज असा निघाला की बाहेर मालकांनी मान वर केली. बाईंनी बोळा फिरवला. पेन्सिलीची सगळी पूड कापसावर आली, करडी, चिमूटभर. एवढीशी ती होती. एवढ्याशासाठी त्याने दोन बायकांची माती केली होती.

बोळा खाली ठेवून बाईंनी काच पुसली. वण वर आले, एकेक करून, आणि हनुवटीवर तीळ. एकोणीस वर्षांची घड्याळजींची मुलगी खांबावर कोपर टेकून त्यांच्याकडे बघत होती, आणि म्हातारबाबांनी मिटवलेली काचेवरची ही मुलगी आजवर कुणीच पाहिली नव्हती. बाईंनीसुद्धा नाही. त्यांना ती आवडली. पण हा त्याच्यासमोर रडायचा प्रसंग नव्हता.

त्यांनी काच आपल्या गालाशेजारी धरली.

"बघा आता. जुळतं का."

तो बघत राहिला. काचेकडे, मग बाईंच्या तोंडाकडे, मग काचेकडे. बाईंचं तोंड त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही पुरतं पाहिलं. शेवटी त्याने हातातला पिवळा फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि खालच्या आवाजात विचारलं की या काचेची एक प्रत मिळेल का.

"नाही," पेन्सिलबाई म्हणाल्या.

प्रत त्यांनी छापली, पण ती त्याच्यासाठी नव्हती. स्टुडिओच्या दर्शनी काचेच्या कपाटात गावातले सगळ्यांत देखणे चेहरे लावलेले असत. त्यांतला मधला फोटो काढून बाईंनी तिथे आपला लावला, पेन्सिल न लावलेला. मालकांनी आधी कुरकुर केली, मग लोक थांबून बघतात हे पाहून गप्प बसले. कडक कॉलरचं दुकान त्याच रस्त्याला पुढे होतं. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला त्या कपाटावरूनच जावं लागे. त्याने ठरवलं असेल की बघायचं नाही. पण दर वेळी कपाटापाशी आला की त्याची पावलं मंदावत. कॉलर अजून तशीच ताठ होती, त्यामुळे नुसती नजर चोरून बघणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. सगळा माणूस टप्प्याटप्प्याने त्या फोटोकडे वळायचा, आणि तो वळला की साऱ्या रस्त्याला दिसायचं.